विज्ञानाचा पाठ मुलांना स्वतः वाचता यावा म्हणून

आठवी-नववीतल्या पुष्कळ मुलांना विज्ञान आवडतं, पण विज्ञानाचं पुस्तक त्यांना वाचवत नाही. प्रयोग असला की टेबलाभोवती गर्दी होते, आणि "आता पान उघडा आणि मनात वाचा" म्हटलं की चेहरे उतरतात. मग वाचनाची जागा गाईड, क्लासच्या नोट्स आणि फळ्यावरून उतरवलेली उत्तरं घेतात. हे मला फार लागतं. ज्याला पुस्तक स्वतः वाचता येत नाही, त्याला शिकण्यासाठी कायम दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहावी लागते. आणि ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, त्याच्यापाशी बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकाशिवाय काही नसतंच.

नव्याने रुजू झालेले शिक्षक, वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवणारे तरुण, घरी मुलाला घेऊन बसणारे पालक, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. छापलेलं पुस्तक बदलणं आपल्या हातात नाही. पण त्यातल्या एखाद्या घटकाच्या जोडीला एक-दोन पानांचा सोपा मजकूर करून देणं नक्की आहे. मी त्याला वाचनपान म्हणते.

काम सुरू करण्याआधी एक समज काढून टाका. सोपं करायचं म्हणजे अवघड शब्द गाळायचे, असं पुष्कळांना वाटतं. 'अपवर्तन', 'संयुजा', 'विभवांतर' हे शब्द राहणारच. प्रश्नपत्रिकेत तेच येतात आणि पुढच्या इयत्तेचे पाठ त्यांच्याच आधाराने पुढे जातात. मुलाला अडवतं ते बहुधा त्या शब्दाभोवतीचं वाक्य. म्हणून शब्द ठेवायचा आणि त्याच्याभोवतीचं ओझं उतरवायचं.

हा विचार काही आजचा नाही. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या मंडळींनी महापालिकेच्या शाळांमधल्या मुलांबरोबर काम करताना भाषेच्या अडचणीचा मुद्दाम अभ्यास केला आणि विज्ञानाच्या मजकुराची भाषा सोपी करून मुलांच्या शिकण्यावर काय फरक पडतो ते तपासलं. तिथे जे मोठ्या प्रमाणावर झालं, त्याचं छोटं रूप एका वर्गात करणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

आधी एकच घटक घ्या

अख्खं पुस्तक सोडाच, अख्खा पाठही घेऊ नका. दीड-दोन पानांचा एक घटक पुरे. निवड करताना स्वतःला काय अवघड वाटतं ते बाजूला ठेवा आणि मुलं कुठे गप्प होतात ते पाहा. मी इथे दहावीच्या 'उष्णता' या पाठातला अप्रकट उष्मा (बर्फ वितळताना लागणारी, पण तापमान न वाढवणारी उष्णता) हा घटक उदाहरणाला घेते. बर्फ सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण पुस्तकातलं त्याचं वर्णन फार थोड्यांना पहिल्या वाचनात कळतं.

मुलाकडून वाचून घ्या

पेन हातात घेण्याआधी ही पायरी झालीच पाहिजे. वर्गातल्या मधल्या फळीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि तो घटक मोठ्याने वाचायला सांगा. चारचौघांत नको, चुकलं की हसू होतं आणि मग मूल खरं वाचतच नाही. तुमच्याकडे त्याच पानाची झेरॉक्स असू द्या. ते जिथे थांबेल तिथे उभी रेघ, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचेल तिथे बाण, आणि जिथे एका दमात सपाट स्वरात ओढत नेईल तिथे खाली रेघ. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका.

या खुणांमधून दोन वेगळ्या अडचणी दिसतात. 'पुनर्हिमायन' किंवा 'उष्माधारकता' अशा शब्दापाशी थांबणं ही जोडाक्षरांची, उच्चाराची अडचण. शब्द फोडून दोन-तीनदा म्हणून घेतला की ती बऱ्याच अंशी सुटते. सपाट स्वरात ओढत नेलेलं वाक्य मात्र जास्त काळजीचं. तिथे मूल अक्षरं वाचत असतं, अर्थ हातातून कधीच निसटलेला असतो. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि म्हणा, "आता हेच तुझ्या धाकट्या भावाला सांग बघू." ते सांगताना जिथे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं येतं, तिथे समजलेलं नाही असं धरायला हरकत नाही.

सगळ्या वर्गाचा अंदाज एकदम हवा असेल तर गाळलेल्या शब्दांची चाचणी घ्या. ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली. दोनेकशे शब्दांचा उतारा घ्यायचा, पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवायचं आणि मधला प्रत्येक पाचवा शब्द काढून तिथे रिकामी जागा सोडायची. मुलांनी संदर्भावरून ती भरायची. साठ टक्क्यांच्या वर जागा बरोबर भरल्या तर तो मजकूर मुलाला एकट्याने वाचता येईल, चाळीसच्या खाली असतील तर तो त्याच्या आवाक्याबाहेर आहे, असा ढोबळ हिशेब. हे आकडे इंग्रजी मजकुरावरून आलेले आहेत. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे 'पाण्याचे'च्या जागी 'पाण्यातील' आलं आणि अर्थ जुळला तर मी ते बरोबर धरते आणि आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहते.

शब्दांची लांबी मोजून मजकुराची कठीणता सांगणारी इंग्रजीतली सूत्रं मात्र आपल्याकडे लावू नका. 'बल' हा दोन अक्षरी शब्द आहे आणि मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ त्याच्याभोवती असतो.

शब्दांचे तीन ढीग करा

खुणा केलेल्या पानावरचे अवघड शब्द तीन ढिगांत वाटून घ्या.

पहिला ढीग निव्वळ पुस्तकी शब्दांचा: 'परिणामस्वरूप', 'अनुषंगाने', 'सदर', 'प्राप्त होते', 'विपुल प्रमाणात'. यांचा विज्ञानाशी काही संबंध नाही. सरळ 'त्यामुळे', 'हा', 'मिळते', 'भरपूर' लिहा.

दुसरा ढीग पारिभाषिक शब्दांचा. हे बदलायचे नाहीत, उघडून दाखवायचे. बरेचसे शब्द आतूनच अर्थ सांगतात, फक्त कुणी तसे दाखवलेले नसतात. पुनर्हिमायन म्हणजे पुन्हा हिम होणं. परावर्तनात प्रकाश मागे फिरतो, अपवर्तनात तो वाटेतून बाजूला वळतो. शब्द पहिल्यांदा येतो तिथेच हे चार-सहा शब्दांत सांगा आणि पुढे सगळ्या पानभर तोच शब्द वापरा. निबंधात एकच शब्द पुन्हा आला की आपण प्रतिशब्द शोधतो, ती सवय इथे घातक आहे. एका ओळीत 'उष्मा' आणि पुढच्या ओळीत 'ऊब' आलं की मुलाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

पुस्तकात आहे तोच शब्द घ्या. पालकांच्या पिढीतले अनेक जण 'वक्रीभवन' शिकले, विश्वकोशात 'प्रणमन' सापडतं आणि आजच्या पाठ्यपुस्तकात 'अपवर्तन' आहे. घरी मदत करणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून पानाच्या तळाशी जुना शब्द एकदा देऊन ठेवा. इंग्रजी संज्ञाही तिथेच द्या. अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या आपल्या मुलांना एकाएकी सगळं इंग्रजीतून वाचावं लागतं, आणि सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर हा प्रश्न रोजचाच आहे.

तिसऱ्या ढिगाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण हे शब्द कुणालाच अवघड वाटत नाहीत. कार्य, शक्ती, बल, ऊर्जा, चाल, वेग, वजन. मूल ते न अडखळता वाचतं आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातं. घरात ताकद, जोर, शक्ती, बळ हे सगळं एकच असतं. पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य किती झपाट्याने होतं त्याचा दर, आणि बल ही पूर्णपणे वेगळी राशी. डोक्यावर पोतं घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या हमालाने गुरुत्वबलाविरुद्ध केलेलं कार्य शून्य, हे वाचून मुलांना राग येतो, आणि तो योग्यच आहे, कारण त्यांच्या लेखी कार्य म्हणजे काम, आणि तो माणूस घामाघूम झालेला असतो. इथे पानावर स्पष्ट लिहावं लागतं: बल वर लावलेलं आहे, विस्थापन आडवं आहे, बलाच्या दिशेने वस्तू सरकलेली नाही, म्हणून विज्ञानाच्या हिशेबात कार्य शून्य; थकवा हा वेगळा विषय.

वजनाचंही तेच. वाण्याकडे ते किलोत असतं, पुस्तकात न्यूटनमध्ये. ५० किलो वस्तुमानाच्या मुलाचं पृथ्वीवरचं वजन सुमारे ४९० न्यूटन, एवढं एक उदाहरण शब्दाशेजारी दिलं की बराच गुंता सुटतो. अशा शब्दांसाठी मी दोन रकाने करते: 'घरी आपण म्हणतो' आणि 'पाठात याचा अर्थ'. हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर वर्षभर राहू द्या.

वाक्य सोडवा

आता मुख्य काम. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणं, कृदंतं, अटी सगळ्या त्याच्या आधी रांगेत उभ्या राहतात. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत सगळं मनात धरून ठेवावं लागतं. पाठ्यपुस्तकी धाटणीचं एक वाक्य मीच रचून देते:

"स्थायूचे द्रवात रूपांतर होत असताना तापमानात वाढ न होता कणांमधील आकर्षण बलांवर मात करण्यासाठी शोषल्या जाणाऱ्या उष्णतेस अप्रकट उष्मा असे म्हणतात."

यात चूक काहीच नाही. पण पाच गोष्टी एका दमात आहेत: स्थायूचा द्रव होतो, तापमान वाढत नाही, कणांमध्ये आकर्षण असतं, त्यावर मात करायला उष्णता लागते, आणि त्या उष्णतेचं नाव अमुक. शिवाय नाव सर्वांत शेवटी. वाक्य सोडवताना मी आधी क्रियापद शोधते, मग विचारते, कोण काय करतंय? उष्णता कोण शोषतं? इथे कर्ताच गायब आहे. 'शोषली जाणारी' असं कर्मणी आलं की शोषणारा लपतो. त्याला आधी बाहेर आणायचं:

"पातेल्यात बर्फ घेऊन तो मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. उष्णता सतत मिळत असते, तरीही बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान ० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. मग ही उष्णता जाते कुठे? बर्फाचे कण आकर्षणामुळे आपापल्या जागी बांधलेले असतात. ते बंध सैल करण्यासाठी बर्फ ही उष्णता शोषून घेतो. म्हणून ती तापमापीवर दिसत नाही. अवस्था बदलताना शोषलेल्या, पण तापमान न वाढवणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत १ ग्रॅम पाणी ० अंशांपासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं."

मजकूर दुपटीहून जास्त लांबला. लांबू द्या. एकाच वाक्यात कोंबलेलं मोकळं करायला जागा लागतेच, आणि मुलाला पानाची लांबी जाचत नाही, दाटी जाचते. अनुभव आधी आला, प्रश्न मध्ये आला आणि व्याख्या शेवटी आली, हेही पाहा. व्याख्येने सुरू होणारा परिच्छेद मुलं पाठ करायच्या तयारीने वाचतात. प्रश्नानंतर आलेली व्याख्या ती उत्तर म्हणून वाचतात.

एक धोका इथे आहे आणि नवीन माणूस त्यात नेहमी सापडतो. वाक्यं लहान करायच्या भरात 'म्हणून', 'कारण', 'तरीही', 'मात्र', 'त्याउलट' हे शब्द उडतात. "बर्फाला उष्णता मिळते. तापमान वाढत नाही. बंध सैल होतात." तीनही वाक्यं सोपी आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय ते मुलानेच शोधायचं. विज्ञानाचा सगळा जीव त्या 'म्हणून' आणि 'तरीही' मध्ये असतो. वाक्य तोडलं की तोडल्या जागी जोडणारा शब्द आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा.

'बाष्पीभवन', 'संघनन', 'उदासिनीकरण' अशी क्रियेची नावं एका वाक्यात दोन किंवा जास्त आली तर निदान एकाचं क्रियापद करा. "पाण्याच्या वाफेचं संघनन होऊन ढगांची निर्मिती होते" याचं "वर गेलेली पाण्याची वाफ थंड होते, तिचे बारीक थेंब बनतात आणि त्यांचे ढग होतात, वाफेचं पुन्हा पाणी होण्याला संघनन म्हणतात" असं करता येतं.

आकृती

आकृतीवर अ, ब, क आणि खाली त्यांची सूची असली की डोळा वर-खाली धावत राहतो. नावं आकृतीतल्या भागाशेजारीच लिहा. बाण काय दाखवतो तेही लिहा: एका आकृतीत तो बलाची दिशा असतो, दुसऱ्यात उष्णतेची, तिसऱ्यात नुसता 'इकडे बघा' म्हणून असतो.

जिथे आकृती खरं माप दाखवूच शकत नाही तिथे तसं सांगा. अणूच्या चित्रात केंद्रक सुपारीएवढं आणि इलेक्ट्रॉन बोटभर अंतरावर असतात. प्रत्यक्षात केंद्रक अणूच्या मानाने हजारो पटींनी लहान असतं. ते १ सेंटिमीटरचं काढलं तर अणू काही शे मीटरपासून किलोमीटरभरापर्यंत पसरेल. हृदयाच्या आकृतीत डावे कप्पे आपल्या उजव्या हाताला दिसतात, कारण चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं आहे. हे एक वाक्य आकृतीखाली नसल्यामुळे कितीतरी मुलं नावं उलटी लिहितात.

पानाची मांडणी

अक्षर १४ पॉइंटचं, ओळींमधलं अंतर दीडपट. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळी जवळ आल्या की ते एकमेकांत घुसतात. युनिकोडमधला साधा, मोकळा टाइप घ्या. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन्ही फुकट मिळतात आणि पडद्यावर-कागदावर सारखे वाचता येतात. दोन्ही कडा सरळ करायच्या नादात शब्दांत भोकं पडतात, म्हणून फक्त डावी कडा सरळ ठेवा. आणि झेरॉक्स काढल्यावर एक प्रत नीट वाचून पाहा. फिकट प्रतीत अनुस्वार आणि रफार आधी उडतात.

चुकीचं सोपं होऊ देऊ नका

सोपं लिहिताना खोटं लिहिलं जाण्याची शक्यता नेहमीच असते, आणि ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. "झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री ऑक्सिजन" हे वाक्य छान सुटसुटीत आहे, पण वनस्पतींचं श्वसन चोवीस तास चालू असतं. "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते" हेही मुलांना पटकन पटतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटींवर. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे.

तयार पान त्या विषयाच्या अनुभवी शिक्षकाला दाखवा आणि एवढंच विचारा: यात चूक काय आहे? "कसं वाटलं?" असं विचारलं तर "छान" असं उत्तर येतं. शब्दांबद्दल शंका असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर पाहता येतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम करते. तिच्या पत्रिकेतले लेख चाळले तर मराठीत विज्ञान कसं मोकळं लिहिता येतं त्याचा कान तयार होतो.

हक्कांचंही लक्षात असू द्या. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क मंडळाकडे असतात आणि मजकूर किंवा आकृत्या उचलून छापायला लेखी परवानगी लागते, हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरच लिहिलेलं असतं. म्हणून वाचनपान स्वतःच्या शब्दांत लिहा, आकृत्या हाताने काढा.

पुन्हा तपासा, मग पुस्तकाकडे न्या

पहिल्या वेळी ज्याच्याकडून वाचून घेतलं त्याला हे पान देऊ नका. त्याला घटक आता ओळखीचा झालेला असतो. दुसऱ्या मुलाला द्या, तसंच मोठ्याने वाचून घ्या, तशाच खुणा करा. रेघा जिथे उरल्या असतील ती वाक्यं पुन्हा लिहा. दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा वाक्यापेक्षा क्रमाची चूक सापडते: एखादी गोष्ट जिथे लागते तिच्या नंतर सांगितलेली असते.

मग वाचनपान बाजूला ठेवायला लावा आणि त्याच तासाला पुस्तकातला मूळ घटक वाचायला सांगा. ही पायरी गाळली तर आपण आणखी एक गाईड तयार केलं असं होईल. मुलांना पेन्सिल द्या. लांब वाक्यातलं क्रियापद त्यांनीच शोधून त्याला गोल करायचा, "कोण करतंय?" ते समासात लिहायचं, आणि त्या वाक्याची दोन-तीन वाक्यं वहीत करायची. आपण पानावर जे केलं तेच आता त्यांच्या हातून होतं. सुरुवातीला एका तासात एकच वाक्य होईल, तरी चालेल. नववीच्या सुरुवातीपासून आठवड्याला एक घटक असा घेतला तर दहावीत पोचेपर्यंत पुष्कळ मुलं वाचनपान न मागता थेट पुस्तक उघडतात. कुणाला ते अजून लागत असेल तर त्याला देत राहा, त्यासाठी त्याला कधीही कमीपणा वाटू देऊ नका.

पानाच्या मागच्या बाजूला तारीख, इयत्ता, पाठाचं नाव आणि मुलं कुठे अडली ते दोन ओळींत लिहून फाईलला लावा. पुढच्या वर्षी त्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकाला ती फाईल द्या आणि त्यांना सांगा, यात खुशाल खाडाखोड करा.